मॅकवरचा ब्राउझर : निवड कोणाची?

'ब्राउझ' हा इंग्रजी शब्द मूळचा रानातला. शेळी एका झुडपाचा पाला खुडते, दोन पावले पुढे जाते, दुसऱ्या झुडपाला तोंड लावते. त्या चरण्याला इंग्रजीत ब्राउझिंग म्हणतात. पुढे पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या पाने चाळणाऱ्या माणसालाही तोच शब्द लावू लागले, आणि अखेरीस संगणकावर जगभरची पाने उघडून दाखविणाऱ्या साधनाचे नाव ब्राउझर पडले. शब्दच असा शेळ्यामेंढ्यांमागून आलेला, तेव्हा त्याला बिचकण्याचे आपल्याला काही कारण नाही.

श्रोतेहो, ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकावर, ज्याला थोडक्यात मॅक म्हणतात त्याच्यावर, सर्वांत चांगला ब्राउझर कोणता, हा आजचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात मॅक आहेतच किती! खरे आहे. यंत्र महाग. पण शहरात स्थिरावलेला एखादा माजी विद्यार्थी आपला जुना मॅक शाळेला देऊन जातो, कुणाची मुलगी पुण्याला शिकायला जाते आणि सुटीत तो घेऊन घरी येते. आणि दुसरे असे की, या एका यंत्रावरच्या ब्राउझरांची हकिकत नीट पाहिली, म्हणजे आपल्या वतीने निवड कोण करून ठेवतो ते स्वच्छ दिसते. मग यंत्र कोणतेही असो.

हकिकतीची सुरुवात जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत होते. तिथे टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९० साली जगातला पहिला ब्राउझर लिहिला. तो ज्या संगणकावर लिहिला त्याचे नाव नेक्स्ट. हा नेक्स्ट बनविणारी कंपनी स्टीव्ह जॉब्झ यांची. ॲपल स्थापन करणारे आणि १९८५ साली तिथून बाहेर पडावे लागलेले तेच हे गृहस्थ. पुढे १९९६ च्या डिसेंबरात ॲपलने ही नेक्स्ट कंपनी विकत घ्यायचे ठरविले, जॉब्झ परत आले, आणि नेक्स्टच्या पायावरच आजच्या मॅकची कार्यप्रणाली उभी राहिली. म्हणजे पहिला ब्राउझर जन्मला तो आजच्या मॅकच्या आजोळी, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

खुद्द मॅकसाठी पहिला ब्राउझर सर्नमध्येच १९९२ साली तयार झाला. रॉबर्ट कायो हे बेल्जियन अभियंते आणि निकोला पेलो ही इंग्लंडातून आलेली विद्यार्थिनी, या दोघांचे ते काम. त्याला 'सांबा' असे नाव होते. १९९३ च्या ३० एप्रिलला सर्नने हे सारे तंत्र कोणालाही फुकट वापरायला खुले केले. पाणवठा सर्वांना मोकळा झाला, म्हणा ना. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून 'मोझेक' आला. मजकुराच्या मधोमध चित्रे दाखविणारा हा ब्राउझर विंडोजवर आणि मॅकवरही चाले. तो लिहिणाऱ्या मंडळींपैकी मार्क अँड्रीसन याने भागीदारीत कंपनी काढली आणि १९९४ अखेर 'नेटस्केप नॅव्हिगेटर' बाहेर पडला. पुढची दोनतीन वर्षे ब्राउझर म्हणजे नेटस्केप असेच समीकरण होते, मॅकवरही. मधे ॲपलने स्वतःचा 'सायबरडॉग' नावाचा एक प्रयत्न करून पाहिला. तो १९९७ मध्येच गुंडाळला.

आता खरी गोष्ट सुरू होते.

१९९७ सालच्या ऑगस्टची ६ तारीख. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मॅकच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. ॲपलची अवस्था त्या वेळी फार वाईट; कंपनी बुडते की काय अशी बोलवा होती. जॉब्झ व्यासपीठावर आले आणि त्यांनी सांगितले की, मायक्रोसॉफ्टशी तह झाला आहे. मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवील, मॅकसाठी आपले 'ऑफिस' पाच वर्षे काढत राहील, आणि मॅकवर मूळचा ठरलेला ब्राउझर म्हणून 'इंटरनेट एक्स्प्लोरर' राहील. हे शेवटचे कलम ऐकल्याबरोबर सभेत हुर्यो उठली. लोकांनी चक्क निषेधाचे आवाज काढले. थोड्या वेळाने मागच्या भल्या मोठ्या पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा झळकला, आणि खाली उभे असलेले जॉब्झ त्याच्यापुढे अगदी लहान दिसले. ती छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

या तहाच्या पोटात काय होते, ते पुढे न्यायालयात उघड झाले. अमेरिकन सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी १९९९ च्या नोव्हेंबरात आपले निष्कर्ष लिहिले. त्यांत मॅकवर स्वतंत्र भाग आहे. मॅकसाठीचे ऑफिस बंद करण्याचा धाक दाखवून मायक्रोसॉफ्टने ॲपलकडून ही गोष्ट वदवून घेतली, असा त्यांचा निष्कर्ष होता. करारात असेही होते की, नव्या मॅकच्या पडद्यावर दुसऱ्या कोणाच्या ब्राउझरचे चिन्ह दर्शनी ठेवायचे नाही. नेटस्केप यंत्रात असे, पण आतल्या एका कप्प्यात. शोधून काढील त्याला मिळे. शिवाय ॲपलने वापरणाऱ्यांना दुसऱ्या ब्राउझरकडे वळण्यास उत्तेजन द्यायचे नाही, हेही ठरले होते.

शिक्षकबंधूंनो, इथे जरा थांबून पाहा. मॅक घेणाऱ्याने पैसे मोजून यंत्र घेतले. त्याला कोणी मनाई केलेली नाही. तो म्हणतो, मी एक्स्प्लोरर वापरतो, मला तोच बरा वाटतो. पण दुकानदाराने एकच डबा समोरच्या फळीवर मांडला आणि बाकीचे माळ्यावर टाकले, तर गिऱ्हाईक समोरचाच डबा उचलणार. दहांतले नऊ जण माळ्यावर चढत नाहीत. कंपन्यांना हे पक्के ठाऊक असते. नाहीतर एवढ्याशा चिन्हासाठी करारमदार कशाला झाले असते?

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. ज्याच्या नावाने हुर्यो झाली तोच एक्स्प्लोरर मॅकवर उत्तम निघाला! २००० सालच्या मार्चमध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली. ती मायक्रोसॉफ्टमधल्या मॅकसाठी काम करणाऱ्या वेगळ्या तुकडीने लिहिली होती, आणि वेबपाने कशी दाखवावीत याचे जे सर्वमान्य नियम होते ते तिने खुद्द विंडोजवरच्या एक्स्प्लोररपेक्षा चोख पाळले. त्या वेळी कोणी विचारले असते की मॅकवर सर्वांत चांगला ब्राउझर कोणता, तर जाणकारांनीही तेच नाव सांगितले असते. कामगिरी ज्याची त्याला दिली पाहिजे.

दोष पुढे झाला. विंडोजवर नेटस्केपचा पाडाव पूर्ण झाला, ब्राउझरच्या बाजारातला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एक्स्प्लोररकडे गेला, आणि मग सुधारणा थंडावल्या. स्पर्धाच उरली नाही तर बैल कशाला धावेल? मॅकवरचा एक्स्प्लोररही जागच्या जागी राहिला. इकडे संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी एकच ब्राउझर समोर ठेवून बांधकाम सुरू केले. दक्षिण कोरियात याची फार मोठी किंमत मोजावी लागली. तिथे बँकेच्या व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी जी योजना केली होती, ती विंडोजवरच्या एक्स्प्लोररमध्येच चालणाऱ्या 'ॲक्टिव्हएक्स' या जोडकामावर उभी होती. मॅक घेतलेल्या कोरियन माणसाला वर्षानुवर्षे बँकेचे काम करायचे तर दुसऱ्याचा विंडोज संगणक मागून आणावा लागे. त्या जुन्या प्रमाणपत्रांची सक्तीची सद्दी तिथे कायद्याने संपली ती २०२० च्या डिसेंबरात. एका ब्राउझरवर सगळा देश टेकला तर सुटायला किती काळ लागतो, त्याचा हा हिशेब.

ॲपलने यावर उपाय काढला तो गुपचूप. दुसऱ्याच्या ब्राउझरवर अवलंबून राहणे धोक्याचे, हे जॉब्झना कळले होते. नेटस्केपमध्ये पूर्वी काम केलेले डॉन मेल्टन यांच्या हाती ही कामगिरी सोपविली. ब्राउझरच्या आत एक मुख्य भाग असतो. येणारा मजकूर वाचून पडद्यावर पान रचणारा. त्याला इंजिन म्हणतात. आपल्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनासारखेच समजा. वरचा रंग, चाके, झाकण काही असो, पाणी उपसते ते इंजिन. मेल्टन यांच्यापुढे प्रश्न होता की इंजिन नवे घडवावे की कुठले तयार घ्यावे? नेटस्केपच्या वंशातले 'गेको' इंजिन सर्वांना खुले होते, पण अवजड. त्यांनी निवडले 'केएचटीएमएल'. 'केडीई' नावाच्या, जर्मनीत सुरू झालेल्या आणि स्वयंसेवकांनी चालविलेल्या प्रकल्पातले हे इंजिन. ते आटोपशीर होते; सगळे मिळून १ लाख ४० हजार ओळींपेक्षाही कमी.

गुप्तता किती? ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळावर गेला की तिथल्या नोंदवहीत आपले नाव सांगतो. ॲपलचे इंटरनेटवरचे पत्ते १७ या आकड्याने सुरू होतात, हे जाणकारांना ठाऊक. तेव्हा १७ च्या पत्त्यावरून एखादा अनोळखी ब्राउझर आलेला दिसला की बिंग फुटणार! म्हणून मेल्टन यांच्या तुकडीने आपल्या ब्राउझरला दुसऱ्याच्या नावाने हिंडायला लावले. वेषांतर करून नगरात फिरणाऱ्या राजाच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. हा त्यातलाच प्रकार.

२००३ सालच्या जानेवारीच्या ७ तारखेला सॅनफ्रान्सिस्कोत हा ब्राउझर जाहीर झाला. नाव 'सफारी'. हा शब्द स्वाहिली भाषेतला, आणि तिथे तो अरबी 'सफर'वरून आलेला. म्हणजे आपल्या मराठीतल्या सफरीचा तो सख्खा भाऊ. केडीईच्या स्वयंसेवकांना आपल्या इंजिनाला एवढे मोठे गिऱ्हाईक मिळाल्याचे त्याच दिवशी कळले. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने मॅकवरच्या एक्स्प्लोररचा विकास थांबविल्याचे सांगितले, आणि २००५ अखेर त्याचा आधारही काढून घेतला. आठ वर्षांपूर्वीचा तो तह असा आपोआप मिटला.

हरलेल्या नेटस्केपचे काय झाले, तेही ऐकण्याजोगे आहे. १९९८ च्या मार्चमध्ये कंपनीने आपल्या ब्राउझरची सगळी मूळ संहिता जगाला खुली करून टाकली. त्यातून 'मोझिला' हा प्रकल्प निघाला, आणि २००४ च्या नोव्हेंबरात 'फायरफॉक्स'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिच्यासाठी चाहत्यांनी वर्गणी जमवून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात दिली. त्या पानांवर वर्गणीदारांची हजारो नावे बारीक अक्षरांत छापली होती. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या फलकावर असतात ना, अगदी तशी. नफ्यासाठी नसलेल्या संस्थेचा हा ब्राउझर मॅकवर, विंडोजवर, लिनक्सवर सारखाच चालतो, आणि तो मराठीतही मिळतो. त्यातल्या यादीवरच्या आज्ञा, सूचना, सगळे मराठीत.

गूगलचा 'क्रोम' २००८ च्या सप्टेंबरात प्रथम विंडोजसाठी निघाला. मॅकवाल्यांना पक्क्या आवृत्तीसाठी मे २०१० पर्यंत वाट पाहावी लागली. क्रोमची मोठी युक्ती अशी की, उघडलेले प्रत्येक पान शक्यतो वेगळ्या कोंडीत ठेवायचे. एक पान बिघडले तर बाकीची शाबूत राहतात, आणि वाईट पानातून आलेली कीड यंत्रभर पसरणे कठीण होते. पुढे इतरांनीही हीच रीत घेतली. मात्र दहा खोल्या बांधल्या की दहा भिंती आल्या. क्रोम यंत्राची स्मरणशक्ती पुष्कळ खातो ही तक्रार त्यामुळेच.

क्रोमने आपले इंजिन कुठून घेतले? ॲपलच्या सफारीतले 'वेबकिट'. आणि वेबकिट कुठून आले? केडीईच्या त्या छोट्याशा इंजिनातून. २०१३ साली गूगलने वेबकिटची वेगळी चूल मांडली आणि तिला 'ब्लिंक' नाव दिले. भाऊबंदकीच ती! त्याच वर्षी नॉर्वेच्या 'ऑपेरा'ने स्वतःचे इंजिन सोडून ब्लिंक घेतले. एकेकाळी नव्वद टक्क्यांवर राज्य केलेल्या मायक्रोसॉफ्टनेही अखेर हेच केले. त्यांचा गूगलच्या पायावर बांधलेला नवा 'एज' २०२० च्या जानेवारीत विंडोजबरोबर मॅकवरही आला. 'ब्रेव्ह', 'विवाल्दी', 'आर्क', सगळ्यांच्या पोटात तेच. फलक निरनिराळे, इंजिन एक. तेव्हा आज मॅकवर डझनभर ब्राउझर दिसत असले, तरी इंजिने मुख्यतः तीनच आहेत : सफारीचे वेबकिट, फायरफॉक्सचे गेको, आणि बाकी बहुतेकांचे ब्लिंक. ॲपलनेही आपल्या हाती सत्ता आली तिथे वेगळे काही केले नाही, हेही सांगितले पाहिजे. आयफोनवर ब्राउझर कोणत्याही नावाचा घ्या, आत वेबकिटच असले पाहिजे, असा त्यांचा नियम वर्षानुवर्षे होता. युरोपातल्या देशांपुरती त्यात सूट मिळाली ती २०२४ मध्ये, तीही कायद्याच्या बडग्यामुळे.

आता पैशाचे. ब्राउझर फुकट मिळतो, मग तो पोसतो कोण? सफारीच्या चौकटीत तुम्ही काही शोधले की ते मुळात गूगलकडे जाते. या जागेसाठी गूगलने ॲपलला एकट्या २०२२ सालात २० अब्ज डॉलर दिले, असे न्यायालयात पुढे आले. १९९७ च्या १५ कोटींशी ताडून पाहा. सव्वाशे पटींहून जास्त. मोझिलाच्या उत्पन्नाचाही मोठा भाग अनेक वर्षे गूगलकडूनच आला आहे. म्हणजे तिन्ही इंजिनांत तेल एकाच पिंपातले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या धंद्यातली मक्तेदारी बेकायदा टिकविली असा निकाल दिला. क्रोम विकायला लावावा अशी सरकारची मागणी होती. ती मात्र २०२५ च्या सप्टेंबरात त्यांनी मान्य केली नाही. इतरांना दार बंद करणारे करार करायचे नाहीत, असे बंधन मात्र घातले.

मग आम्ही घ्यावा तरी कोणता, असे तुम्ही विचारणार. माझे मत सांगतो.

मॅक नवा असेल तर रोजच्या कामाला सफारी पुरतो. तो मॅकसाठीच घडविलेला, त्यामुळे बॅटरी साधारणपणे कमी खातो. विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी हा गुण मोठा आहे. संकेतस्थळे आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी 'कुकी' नावाची चिठ्ठी आपल्या यंत्रात ठेवतात. ज्या दुकानात गेलो त्याने चिठ्ठी ठेवली तर एक वेळ चालेल. पण त्या दुकानात उभ्या असलेल्या तिसऱ्याच जाहिरातवाल्याने आपल्या खिशात चिठ्ठी का घालावी? अशा तिऱ्हाइतांच्या चिठ्ठ्या सफारीने २०२० च्या मार्चपासून पूर्ण अडविल्या. फायरफॉक्सने पाळत ठेवणाऱ्यांना आपणहून अडविण्याची सुरुवात २०१९ मध्येच केली होती. क्रोमनेही २०२० साली तसे वचन दिले, पुनःपुन्हा मुदत वाढविली, आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीने जाहिरातवाल्यांना अडवावे, ही अपेक्षाच जरा भाबडी होती. जाहिराती गाळणारे 'यूब्लॉक ओरिजिन' हे जोडसाधनही क्रोमच्या बदललेल्या नियमांमुळे तिथे पूर्वीसारखे चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालते.

सफारीत एक मोठी खोच आहे. तो कार्यप्रणालीला बांधलेला आहे. मॅक जुना झाला, नवी कार्यप्रणाली त्याच्यावर चढेना, की थोड्याच काळात सफारीच्या सुधारणाही थांबतात. शाळेला भेट मिळालेला मॅक बहुधा असाच असतो. यंत्र धडधाकट, पण ब्राउझर म्हातारा, आणि म्हाताऱ्या ब्राउझरने बँकेचे काम करणे म्हणजे कडी मोडलेल्या घरात दागिने ठेवणे. अशा वेळी फायरफॉक्स पाहावा. २०२३ च्या जुलैतली त्याची ११५ वी आवृत्ती २०१६ ते २०१८ या काळातल्या मॅक कार्यप्रणालींवर चालणारी शेवटची. पण त्या आवृत्तीच्या दीर्घ मुदतीच्या शाखेला सुरक्षेची डागडुजी मोझिला नेहमीच्या मुदतीनंतरही पुरवीत राहिली. क्रोमने तीच यंत्रे २०२३ संपेपर्यंत वाऱ्यावर सोडली होती.

क्रोम घरात नकोच, असे मी म्हणत नाही. एखाद्या परीक्षेचा अर्ज किंवा एखादे प्रशिक्षण त्याच्याशिवाय उघडतच नसेल, तर तेवढ्यापुरता ठेवावा. मात्र असे अडले की त्या संकेतस्थळाच्या चालकांना दोन ओळी लिहून कळवावे, की सफारीत आणि फायरफॉक्समध्ये पान चालत नाही. कोरियासारखी स्थिती येते ती अशी कोणी न कळविल्यामुळेच. माझी स्वतःची पसंती सफारी आणि फायरफॉक्स अशी जोडी ठेवण्याला आहे. एकात पान फुटले तर दुसऱ्यात उघडून पाहता येते, आणि दोष पानाचा की ब्राउझरचा तेही कळते.

ठरलेला ब्राउझर बदलायचा कसा, तेवढे सांगतो. नव्या मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज' उघडा, त्यात 'डेस्कटॉप अँड डॉक' या नावाखाली 'डीफॉल्ट वेब ब्राउझर' अशी ओळ सापडेल. जागा जरा विचित्र आहे, सहज सापडणार नाही. धीर सोडू नका. २०२२ पूर्वीच्या कार्यप्रणालीत हीच ओळ 'सिस्टिम प्रेफरन्सेस'मध्ये 'जनरल' या नावाखाली होती. यंत्रात जे जे ब्राउझर असतील त्यांची यादी तिथे उघडते. हवा त्याच्यावर बोट ठेवले की झाले. शोधाचे ठिकाण गूगलऐवजी दुसरे करायचे असेल तर ते सफारीच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च' या पानावर बदलते. जुन्या ब्राउझरमधल्या जपून ठेवलेल्या खुणा नव्यात आणण्याचीही सोय असते, म्हणून जुना काढून टाकण्याची घाई करू नका. आठवडाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवून पाहा.